पीडित भरपाई योजना : लासलगावच्या वाटेने एक आढावा

फौजदारी खटला महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी असा उभा राहतो. तपास पोलिसांचा, बाजू मांडणारा वकील सरकारी आणि तुरुंगही सरकारी, त्यामुळे या सगळ्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होतो. ज्याच्या अंगावर वार पडला त्याचे औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि कर्ता माणूस गेल्यावर उरलेल्या घराचा भार मात्र फार काळ त्याच घराने सोसला. आरोपीला जन्मठेप झाली म्हणून भाजलेल्या बाईच्या पुढच्या शस्त्रक्रियेचे पैसे उभे राहत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी पीडित भरपाईची व्यवस्था आली. नागरिकाचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले, तर त्याला पुन्हा उभे करण्याचा वाटाही राज्याने उचलावा, हे तिच्यामागचे तत्त्व आहे. ही रक्कम आरोपीच्या खिशातून येण्याची वाट पाहत नाही आणि ती देणे कोणा मंत्र्याच्या मर्जीवर सोडलेले नाही.

जगात असा कायदा सर्वप्रथम १९६३ मध्ये न्यूझीलंडने केला. १९६४ मध्ये ब्रिटनने आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तोच मार्ग धरला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये गुन्हेपीडितांच्या न्यायासंबंधीची घोषणा स्वीकारली आणि गुन्हेगाराकडून पुरेशी भरपाई मिळत नसेल तर राज्याने ती द्यावी, असे त्यात म्हटले. भारतात १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ होते, पण त्याचा पाया दंडाच्या रकमेवर होता. आरोपी सापडला पाहिजे, दोषी ठरला पाहिजे आणि दंड भरण्याइतकी त्याची ऐपत पाहिजे, अशा तीन अटी जुळल्या तरच पीडिताच्या हाती काही पडे. न्यायालयेही या कलमाचा वापर क्वचित करीत. महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये स्पष्ट सांगावे लागले, की भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि ती द्यावी वा नाकारावी, कारणे नोंदवलीच पाहिजेत.

खरा बदल त्याआधी झाला होता. विधी आयोगाने १९९६ च्या १५४ व्या अहवालात आणि मलिमथ समितीने २००३ मध्ये केलेल्या शिफारशींनंतर संहितेत कलम ३५७-अ घालण्यात आले आणि ३१ डिसेंबर २००९ पासून ते लागू झाले. प्रत्येक राज्याने केंद्राच्या समन्वयाने निधी उभारून योजना करावी, असे त्याने बंधन घातले. १ जुलै २०२४ पासून संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिथे हीच तरतूद कलम ३९६ म्हणून आहे आणि जुने ३५७ आता ३९५ झाले आहे.

कलम ३९६ पीडितापर्यंत तीन दारांनी पोहोचते. खटल्याच्या शेवटी दंडातून मिळणारी भरपाई अपुरी वाटली, तर न्यायालय शिफारस करू शकते. आरोपी निर्दोष सुटला किंवा दोषमुक्त झाला, पण पीडिताचे पुनर्वसन गरजेचे आहे, तरीही शिफारस होऊ शकते. आणि गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे थेट विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करून रक्कम ठरवायची असते. गावागावांत मात्र आधी केस जिंकायची, मग पैसे, असाच समज दिसतो. कायदा तसे कुठेही म्हणत नाही, आणि या एका गैरसमजापायी अनेक घरे अर्जच करीत नाहीत.

निर्दोष सुटकेनंतरच्या भरपाईचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात झालेल्या बॉम्बस्फोटात सहा जणांचा मृत्यू झाला. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईतील विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले आणि त्याच निकालात मृतांच्या कुटुंबांना दोन लाख व जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश दिला. गुन्हा कोणी केला हे न्यायालयात सिद्ध झाले नाही, पण गुन्हा घडला आणि त्यात माणसे गेली याबद्दल वाद नव्हता. भरपाईसाठी तेवढे पुरे होते. अर्थात घटनेनंतर जवळजवळ सतरा वर्षांनी आलेल्या या रकमेने कोणाचे उपचार झाले नाहीत, की कोणाची शाळा सुटण्यापासून वाचली नाही. या व्यवस्थेत रक्कम किती यापेक्षा ती कधी मिळते, हा प्रश्न मोठा आहे.

महाराष्ट्रात एकच योजना नसून दोन-तीन योजना एकमेकींवर रचल्या गेल्या आहेत, आणि गोंधळाचे मूळ तिथे आहे. महिला व बालविकास विभागाची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू झाली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी ती होती. सुरुवातीला मदत दोन ते तीन लाखांपर्यंत होती आणि निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळ घेत असे. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर २०१७ मध्ये तिची फेररचना झाली. गंभीर प्रकरणांत कमाल मर्यादा दहा लाखांवर गेली आणि निर्णयाचे काम विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. दरम्यान २०१४ मध्ये कलम ३५७-अ खालची राज्याची स्वतंत्र पीडित भरपाई योजना अधिसूचित झाली होती. ती स्त्री-पुरुष सर्वांसाठी आणि सर्व तऱ्हेच्या गंभीर इजांसाठी आहे, पण तिचे नाव मनोधैर्यइतके लोकांपर्यंत कधी पोहोचले नाही.

तिसरा थर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे नालसाचा. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नालसाने महिला पीडितांसाठी योजना तयार केली आणि २ ऑक्टोबर २०१८ पासून ती देशभर लागू करण्यास न्यायालयाने सांगितले. राज्यांनी याहून जास्त द्यावे, कमी देऊ नये, ही तिची भूमिका. तिच्या कोष्टकात मृत्यूसाठी पाच ते दहा लाख, सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख, बलात्कारासाठी चार ते सात लाख, ॲसिडने चेहरा विद्रूप झाल्यास सात ते आठ लाख अशा किमान-कमाल रकमा आहेत. भाजलेल्या महिलांसाठी स्वतंत्र रकाना आहे आणि तिथेही चेहऱ्याच्या विद्रूपतेसाठी सात ते आठ लाखच आहेत. लैंगिक किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडित अल्पवयीन असेल तर रक्कम दीडपट धरायची. अर्जाची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची आहे आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

हे कागद लासलगावातून पाहिले की त्यांतले कंगोरे दिसतात. निफाड तालुक्यातले हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखले जाते. इथली बाजार समिती १९४७ ची आहे. हंगामात शेतकरी, व्यापारी, हमाल, ट्रकचालक, कांदा निवडणाऱ्या बाया आणि परजिल्ह्यातून आलेले मजूर यांची गर्दी होते. गावात नाशिक ग्रामीण पोलिसांचे ठाणे आणि ग्रामीण रुग्णालय आहे, पण न्यायालयासाठी निफाडला जावे लागते. भरपाईचा निर्णय करणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नाशिकच्या जिल्हा न्यायालयात आहे, जवळजवळ साठ किलोमीटरवर. दिवसभराची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, कागद अपुरे आहेत हे ऐकून परत येणे, हा फेरा दोनदा झाला की माणूस तिसऱ्यांदा जात नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये लासलगावच्या बसस्थानकावर पेट्रोलने भाजून एक महिला गंभीर जखमी झाली. तिला पुढील उपचारांसाठी मुंबईला हलवण्यात आले आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्याची घटना त्याच महिन्यातली, त्यामुळे दोन्ही प्रकरणांकडे राज्याचे लक्ष गेले. या घटनांनी योजनांच्या मांडणीतला एक दोष उघडा केला. भाजण्याच्या प्रकरणांत मनोधैर्य योजना तेव्हा ॲसिड हल्ल्यापुरती होती. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने भाजणे त्या चौकटीत सरळ बसत नव्हते. शरीराला होणारी इजा, त्वचारोपणाचा खर्च आणि महिनोन्महिने चालणारी मलमपट्टी यांत दोन्हींत काय फरक? नालसाच्या २०१८ च्या कोष्टकात भाजलेल्यांचा रकाना होता, पण लोकांना आणि अनेकदा कार्यालयांनाही माहीत होती ती मनोधैर्य. पुढे राज्याने पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस अशा ज्वालाग्राही पदार्थांनी भाजलेल्यांना मनोधैर्यमध्ये घेतले, हे योग्यच झाले. दंडविधानात ॲसिडची व्याख्या आधीपासून रुंद आहे. जाळण्याच्या गुणधर्माचा, व्रण किंवा अपंगत्व आणणारा पदार्थही तिच्यात येतो. मदतीच्या योजनेने दंडाच्या कायद्याहून अरुंद असण्याचे काहीच कारण नव्हते.

भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिले तास आणि पहिले आठवडे निर्णायक असतात. म्हणून या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग अंतिम रक्कम नसून अंतरिम मदत आहे. सुरेश विरुद्ध हरियाणा राज्य या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्ह्याची माहिती मिळताच पीडिताला तातडीच्या आर्थिक मदतीची गरज आहे का, हे न्यायालयाने स्वतःहून पाहावे. पोलीस ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या दाखल्यावर प्राधिकरण मोफत प्रथमोपचार, वैद्यकीय मदत किंवा अन्य अंतरिम दिलासा मंजूर करू शकते. नालसाच्या योजनेत ॲसिड हल्ल्यातील महिलेला घटना कळल्यापासून पंधरा दिवसांत एक लाख आणि त्यानंतर दोन महिन्यांत आणखी दोन लाख रुपये देण्याचे बंधन आहे. ॲसिड हल्ल्यासंबंधीच्या लक्ष्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०१५ मध्ये दिलेल्या आदेशांतून हा क्रम आला. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडिताला विनामूल्य उपचार द्यायचे आणि पोलिसांना लगेच कळवायचे, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ ने बंधनकारक केले आहे. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी पैसे भरा, मग दाखल करू, असे काउंटरवर ऐकणाऱ्या नातेवाइकाला ही तरतूद माहीत असेल तर बोलणे बदलते.

नाशिकचे अंतर कापण्याची एक सोय कायद्यानेच केली आहे. नालसाच्या योजनेनुसार ॲसिड हल्ला, बलात्कार, विनयभंगाचे प्रकार, हुंडाबळी आणि शारीरिक इजेसह झालेला घरातला छळ अशा गुन्ह्यांच्या एफआयआरची प्रत पोलिसांनी स्वतःहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायची असते. प्रत आली की प्राधिकरण अर्जाची वाट न पाहता प्राथमिक पडताळणी सुरू करू शकते. म्हणजे लासलगाव ठाण्यातून एक कागद वेळेवर नाशिकला गेला, तर जखमी बाईच्या घरच्यांना पहिला हेलपाटा घालावाच लागू नये. हा कागद नियमाने जातो की नाही, यावर ग्रामीण भागात योजनेचे अर्धे यश ठरते. त्याखेरीज निफाडला तालुका विधी सेवा समिती आहे. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक गावपातळीवर अर्ज भरून देऊ शकतात आणि १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मार्गदर्शन मिळते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

अर्जाला लागणारे कागद फार नाहीत. एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागदपत्रे किंवा मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि बँक पासबुक पुरते. अडचण येते ती यांच्या अभावी. खळ्यावर कांदा निवडायला आलेल्या किंवा द्राक्षबागेत छाटणीला आलेल्या मजूर स्त्रीचे आधार कार्ड गावी राहिलेले असते, खाते नवऱ्याच्या नावावर असते आणि रुग्णालयातून सुटतानाचा कागद ओल्या पिशवीत विरलेला असतो. चौकशीत हे कागद मिळवून देण्याची जबाबदारी अर्जदाराइतकीच प्राधिकरणाचीही आहे. पोलिसांकडून आणि रुग्णालयाकडून ते परस्पर मागवता येतात. प्राधिकरणाचा सचिव न्यायिक अधिकारी असतो. त्याचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत राज्य प्राधिकरणाकडे अपील करता येते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि भरपाईचे कागद हाताळणाऱ्या प्रत्येक टेबलाला हे बंधन लागू आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात या बंधनाची किंमत शहरापेक्षा जास्त आहे.

मंजूर झालेली सगळी रक्कम एकदम हातात येत नाही. नालसाच्या योजनेत सर्वसाधारणपणे ७५ टक्के मुदत ठेवीत आणि २५ टक्के तात्काळ वापरासाठी, तर अल्पवयीन असल्यास ८० टक्के ठेवीत, अशी विभागणी आहे. उपचारासाठी किंवा शिक्षणासाठी ठेवीतून आधी रक्कम काढण्याची परवानगी मागता येते. नातेवाइकांनी पैसे काढून घेऊ नयेत, हा ठेवीमागचा हेतू चांगला आहे. पण सावकाराचे कर्ज काढून मुंबईत उपचार केलेल्या घराला चौथा हिस्सा पुरत नाही, आणि अशा वेळी नियमावर अडून न राहता परवानगी उदारपणे दिली गेली पाहिजे. लैंगिक अत्याचारातील बालकांसाठी पोक्सो कायद्याची स्वतंत्र वाट आहे. विशेष न्यायालय खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकते आणि २०२० च्या नियमांनुसार आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत रक्कम अदा करायची असते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती विशेष मदतीची शिफारस करू शकते.

पुरुष पीडित मात्र या मांडणीत मागे पडतो. बाजार आवाराबाहेर चाकूहल्ल्यात हात गमावलेल्या हमालाला मनोधैर्य लागू नाही आणि नालसाची २०१८ ची योजना महिलांची आहे. त्याला २०१४ च्या राज्य योजनेकडे वळावे लागते. तिच्या रकमा नालसाच्या कोष्टकापुढे तोकड्या आहेत आणि तिची माहिती ठाण्याच्या भिंतीवरही क्वचित दिसते. स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचारांना अग्रक्रम देणे रास्तच होते, कारण ते गुन्हे सर्वांत जास्त लपवले जातात. तरी खून झालेल्या मजुराची विधवा ही त्या गुन्ह्याचीच पीडित आहे. कायद्याच्या व्याख्येत वारसही पीडित धरलेले आहेत आणि तिच्या अर्जाला तितकेच वजन मिळायला हवे.

गुन्ह्याच्या प्रकारानुसार आणखी काही वाटा फुटतात. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१६ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळते. ते टप्प्यांनी येते. खुनाच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि उरलेली दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. निकालापर्यंत न थांबणारी ही रचना पाहता पीडित भरपाईच्या इतर योजनांनी तिच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. मुंबई-आग्रा महामार्ग निफाड तालुक्यातून पिंपळगाव बसवंतवरून जातो. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाने मृत्यू झाल्यास १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज नाशिकला न जाता निफाडच्या महसूल कार्यालयात, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. लासलगाव मध्य रेल्वेच्या मनमाड-नाशिक मार्गावर आहे. गाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत दरोडा वा हिंसक हल्ल्यात प्रवाशाचा मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याखाली आठ लाख रुपयांची भरपाई आहे आणि दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात चालतो.

या सगळ्या योजना देहाला आणि मनाला झालेल्या इजेच्या आहेत. चोरी, फसवणूक, बुडवलेले पैसे यांना त्यांत जागा नाही. लासलगाव-निफाडच्या शेतकऱ्याला तर फसवणुकीचाच गुन्हा सर्वांत जवळचा. द्राक्षे तोडून नेलेला परप्रांतीय व्यापारी फोन बंद करतो, तेव्हा वर्षभराची कमाई जाते. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा फसवणुकीच्या तक्रारी एकत्र करून शेतकऱ्यांचे पैसे वसूल करण्याची मोहीम हाती घेतली होती, आणि तिला मिळालेला प्रतिसाद या दुखण्याची खोली दाखवणारा होता. बाजार समितीच्या आवारात विकलेल्या मालाला परवाना आणि तारणाचे थोडे संरक्षण असते, बांधावरच्या सौद्याला तेही नाही. पतसंस्था किंवा ठेव योजनेत अडकलेल्यांसाठी १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटप करता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने ही सोय सर्व गुन्ह्यांपर्यंत नेली आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालयाने जप्त केली, तर ती पीडितांमध्ये प्रमाणशीर वाटण्याचा आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देता येतो आणि त्यांनी ती साठ दिवसांत वाटायची असते. त्यासाठी तक्रार देतानाच व्यापाऱ्याचे खाते, गाडीचा क्रमांक, वजनाच्या पावत्या आणि व्यवहाराचे संदेश ठाण्यात नोंदवले जाणे आवश्यक आहे, कारण जप्तीचा अर्ज तपास अधिकाऱ्यालाच करायचा असतो.